जनावर आजारी नसताना डॉक्टरांना बोलवा

गाय बसली, म्हैस रवंथ करीना झाली, शेळीनं चारा सोडला की गुरांच्या डॉक्टरांना फोन जातो. डॉक्टर येतात, ताप बघतात, एक-दोन इंजेक्शनं देतात, गरज असली तर सलाईन लावतात आणि पैसे घेऊन पुढच्या गोठ्याकडे निघतात. आता समजा, त्यांनी इंजेक्शन दिलंच नाही. पाच मिनिटं गोठ्यात उभे राहिले, गव्हाणीत हात घातला, शेण काठीनं उकलून पाहिलं, पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली ते विचारलं आणि म्हणाले, "औषध नको. पेंड निम्मी करा, कडबा वाढवा." किती जण त्यांच्या हातावर फी ठेवतील? बहुतेक दारांत मागून एवढंच ऐकू येतं: "डॉक्टर आले आणि नुसतेच बघून गेले."

आपण सुईचे पैसे देतो, सल्ल्याचे देत नाही. म्हणून आपल्याला सुई मिळते. पशुवैद्यकांना शाश्वत शेतीचं प्रशिक्षण द्या, अशी मागणी अलीकडे परिसंवादांतून होते आणि ती रास्तच आहे. पण प्रशिक्षण घेऊन आलेला डॉक्टर गावात आल्यावर त्याच्याकडे कोणी त्यातलं काही मागितलंच नाही, तर सहा महिन्यांत तो पुन्हा बॅग उघडून सिरिंज भरायला लागणार. त्याचंही पोट आहे. म्हणून हे आवाहन सरकारला किंवा विद्यापीठाला नाही. ज्यांच्या दारात दोन गायी, चार म्हशी किंवा दहा शेळ्या आहेत, त्यांना आहे.

डॉक्टर असे का घडले, हे थोडं मागं जाऊन बघायला हवं. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते १८८६ साली. तीनच वर्षांनी, १८८९ मध्ये, पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली. त्या काळातला मोठा शत्रू होता बुळकांडी. गावात शिरली की आठवड्याभरात दावणी रिकाम्या करायची. पशुवैद्यक घडवला गेला तो या लढाईसाठी: साथ ओळखायची, लस टोचायची, रोग रोखायचा. आणि ही लढाई त्यांनी जिंकली. २०११ साली जगातून बुळकांडी नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर असा समूळ संपवलेला हा दुसराच रोग. त्या पिढ्यांचं ऋण मोठं आहे.

पण आज दूध उत्पादकाचं कंबरडं मोडणारे त्रास कोणते, ते स्वतःलाच विचारा. कास सुजणं. गाय वारंवार उलटणं. विल्यावर बसणं. पेंड जास्त होऊन पोट बिघडणं, खूर दुखून लंगडणं. यातलं बरंचसं गोठ्यात, गव्हाणीत आणि धार काढणाऱ्या हातात जन्माला येतं. २०२२ साली लम्पीनं महाराष्ट्रात धुमाकूळ घातला. तो विषाणूचा रोग, लस लागलीच. पण तोही माश्या, डास आणि गोचिडांच्या पाठीवर बसून गोठ्यागोठ्यांत गेला. बाटलीतल्या औषधाला गोठ्याची जोड नसेल तर काय होतं, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

कासेचंच बघू, कारण पैसा सगळ्यात जास्त तिथं जातो. सड सुजला, दुधात गाठी आल्या, की अँटिबायोटिकची ट्यूब सडात सोडायची आणि तीन-चार दिवस इंजेक्शन द्यायचं. गाय बरी होते. दीड महिन्यानं दुसरा सड सुजतो. पुन्हा डॉक्टर, पुन्हा ट्यूब. वर्षाअखेर हिशेब मांडला तर त्या गायीनं औषधाच्या दुकानाला दूध पाजलं असं निघतं. गोठा पाहायला शिकलेला डॉक्टर इथं वेगळे प्रश्न विचारतो. धार काढण्याआधी कास धुतली तर पुसून कोरडी करता का? सगळ्या गायींना एकच फडकं? सुजलेली गाय आधी पिळता की शेवटी? धार काढून झाली की गाय लगेच ओल्या जमिनीवर बसते का?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. धार काढल्यावर सडाचं तोंड निदान अर्धा तास उघडं राहतं. त्या वेळी गाय शेणा-मुतात बसली की जंतूंना वाट मोकळी. उपाय फुकटातला आहे: धार झाली की पुढ्यात वैरण टाका, ती उभी राहील. वैरण टाकण्याआधी चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवून काढा. आणि सीएमटी नावाची साधी चाचणी गोठ्यातच होते. चार वाट्यांची पसरट थाळी, प्रत्येक वाटीत एका सडाचं दूध आणि त्यात थोडं द्रावण. दूध घट्ट होऊन जेलीसारखं झालं तर वरून न दिसणारा कासदाह आत आहे. महिन्यातून एकदा ही चाचणी केली तर निम्मी धावपळ वाचते. हे सगळं डॉक्टरांना माहीत नसतं असं नाही. पण ते उभं राहून दाखवायला पाऊण तास लागतो आणि त्या पाऊण तासाची पावती कोणी फाडत नाही.

आणंदचं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ गेली काही वर्षं कासदाहावर एक घरगुती लेप शिकवतं: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि खायचा चुना १५ ग्रॅम, वाटून पातळ करून दिवसातून अनेकदा कासेला लावायचा. सुरुवातीच्या सुजेवर त्याचा चांगला गुण येतो, असा त्यांचा अनुभव आहे. यातली माहितगार मंडळी तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातली; म्हणजे ही आजीच्या बटव्यातली ऐकीव गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. मात्र गायीला ताप आहे, तिनं खाणं सोडलंय, दुधात रक्त येतंय, अशा वेळी लेप लावत बसू नका. कुठे लेप पुरतो आणि कुठे अँटिबायोटिक टाळणं हा गुन्हा ठरेल, हे ठरवणं प्रशिक्षित डॉक्टरांचंच काम आहे.

अँटिबायोटिक दिलं तर त्या गायीचं दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, हे बाटलीवर लिहिलेलं असतं. ते वाचा, नाहीतर डॉक्टरांना विचारून भिंतीवर खडूनं लिहा. ते दूध घातलं तर काय होतं? विरजण नीट लागत नाही, हे घरच्या बाईला आधी कळतं. डेअरीत चक्का आणि चीज बिघडतं. आणि आपल्याच नातवंडांच्या पोटात थोडं थोडं औषध जात राहतं. उद्या त्यांना न्यूमोनिया झाला तर तेच औषध चालेल याची खात्री कोणी देईल? २०१९ साली केंद्र सरकारनं कोलिस्टिन हे औषध खाद्य-जनावरांत वापरायला बंदी घातली ती याच भीतीपोटी. माणसांच्या दवाखान्यात सगळं थकलं की शेवटी हाताशी उरणारं ते औषध, आणि ते कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं जात होतं.

जनावराच्या अंगात गेलेलं औषध तिथं संपत नाही, हे तर आपण लक्षातच घेत नाही. जंतांसाठी आयव्हरमेक्टिन टोचलं की त्यातलं बरंचसं शेणातून बाहेर पडतं. त्या शेणातल्या भुंग्यांच्या अळ्या मरतात. हेच भुंगे शेण फोडतात, मातीत ओढून नेतात, जमीन भुसभुशीत करतात. म्हणजे जंत मारता मारता आपण आपल्या शेताचे फुकटातले मजूर मारतो. याचा अर्थ जंताचं औषध बंद करा असा नाही. कॅलेंडर बघून गोठ्यातल्या सगळ्यांना सरसकट देऊ नका. आधी शेण तपासून घ्या. काडेपेटीएवढ्या डबीत ताजं शेण दवाखान्यात नेऊन द्यायचं. शेळ्या-मेंढ्यांत तर त्याहून सोपं. खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा; लालबुंद असली तर बहुधा औषध नको, पांढरट पडली तर बहुधा रक्त पिणारे जंत झालेत. यासाठी पाच रंगांचा तक्ता दक्षिण आफ्रिकेत तयार झाला आणि जगभरचे मेंढपाळ तो वापरतात. आपल्या धनगरांना पापणीचा रंग कोणी शिकवायला नको. त्यांची नजर आणि डॉक्टरांचा तक्ता यांची गाठ पडायची तेवढी राहिली आहे.

गोचिडांचं तेच. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या खाली दोन-तीन हजार अंडी घालते. तुम्ही गायीला औषध लावता, भिंत तशीच. भेगा बुजवा, चुना मारा, परड्यात चार गावठी कोंबड्या फिरू द्या.

आता गिधाडांची गोष्ट सांगतो. ती सगळ्यांना थोडी थोडी माहीत असते, पूर्ण नसते. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं धडाधड मरायला लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर पंधरा-सोळा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. आधी रोगाचा संशय होता. २००४ साली पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून खरा गुन्हेगार सापडला: डायक्लोफिनॅक. गुरांच्या सुजेवर, तापावर, लंगडण्यावर सर्रास टोचलं जाणारं साधं, स्वस्त, गुणकारी औषध. ते दिल्यावर जनावर दोन-चार दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची. शंभर मढ्यांपैकी एकात जरी हे औषध असलं तरी अख्खा थवा घसरणीला लागायला पुरे होतं.

२००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मग लोक माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरू लागले. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची बाटलीही ३ मिलिलिटरपेक्षा मोठी करायला मनाई झाली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही दोन औषधंही जनावरांसाठी बंद झाली. तेच काम करणारं आणि गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम या सगळ्या काळात बाजारात होतं.

यात गुरांच्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे आणि चुकीचंही. त्यांना जे शिकवलं होतं ते त्यांनी केलं. गायीचं दुखणं कमी केलं. औषध गायीच्या अंगातून बाहेर पडल्यावर कुठं जातं, हा प्रश्न कोणाच्याही वर्गात विचारला गेला नव्हता. तो विचारायला शिकवणं म्हणजेच मी म्हणतो ते प्रशिक्षण. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावनं गावकऱ्यांच्या बळावर आपली गिधाडं जपली. बाकीच्या गावांत मढी कुत्र्यांना मिळाली आणि कुत्री वाढली. रात्री मोटारसायकलवरून घरी येणाऱ्यांना विचारा.

आपल्याकडे पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं. अभ्यासक्रम हलका नाही. घोड्यापासून कोंबडीपर्यंत आणि शस्त्रक्रियेपासून मांस तपासणीपर्यंत सगळं त्या मुलामुलींना शिकावं लागतं. पण एक गोष्ट मला नेहमी खटकते. २००० साली नागपूरचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याआधी कृषी विद्यापीठांत असलेली पशुवैद्यकीय महाविद्यालयं त्याच्याकडे गेली. जनावरांच्या शास्त्राला स्वतःचं घर मिळालं, चांगलंच झालं. पण चाऱ्याचं पीक एका विद्यापीठात, तो खाणारी गाय दुसऱ्यात, असंही झालं. शेतकऱ्याच्या चार एकरांत अशी भिंत नसते.

उसाचे वाढे घ्या. तोडणीच्या हंगामात सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडे चार महिने गुरं वाढ्यांवर जगतात. वाढ्यांत ऑक्झलेट भरपूर, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि जनावराला मिळू देत नाही. दूध घटतं, गाय उलटायला लागते, हाडं ठिसूळ होतात. डॉक्टर येऊन कॅल्शियमची बाटली शिरेतून देतात आणि गाय तरतरीत होते. ते बरोबरच. पण पुढच्या हंगामात पुन्हा वाढेच. वाढ्यांची कुट्टी करून तिच्यावर चुन्याची निवळी शिंपडायची, कडबा किंवा दुसरी वैरण मिसळायची, रोज खनिज मिश्रण द्यायचं आणि बांधावर थोडा लसूणघास लावायचा: हा सल्ला अर्धा शेतीचा आहे, अर्धा डॉक्टरांचा. म्हणून कृषी विज्ञान केंद्रांतून चारापिकांचा माणूस आणि गुरांचा डॉक्टर यांना एकाच शेतावर, एकाच दिवशी शिकवायला हवं. सभागृहात पंखा लावून, पडद्यावर चित्रं दाखवून, दुपारी जेवण घालून आणि संध्याकाळी प्रमाणपत्र देऊन होणारं प्रशिक्षण पुष्कळ झालं. २०२४ साली केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं उपचारांची प्रमाणित मार्गदर्शिका काढली, तीही कपाटात राहिली तर काय उपयोग? ती गोठ्यात उघडली पाहिजे.

देशी गाय आणली की शाश्वत शेती झाली, असं मानणारेही आहेत. खिल्लार माणदेशाच्या दुष्काळात तग धरते, डांगी इगतपुरी-अकोल्याच्या धुवाधार पावसात चिखलातून चालते, देवणी आणि लाल कंधारी मराठवाड्याचं ऊन सोसतात. त्या जपायलाच हव्यात. पण देशी गायही घाणेरड्या पाण्यानं आजारी पडते. उलट एचएफ गायीवर ज्याचं घर चालतं त्याला "विकून टाक" हे उत्तर नाही. त्याला मुक्तसंचार गोठा, सावलीची झाडं, उन्हाळ्यात चोवीस तास पुढ्यात पाणी आणि दुपारऐवजी रात्री वैरण कशी द्यायची, हे सांगणारा डॉक्टर हवा.

आणि तो डॉक्टर बोलणार कोणाशी? गोठ्यातलं शेण काढते बाई, वैरण घालते बाई, गाय माजावर आलेली आधी कळते तिला. डॉक्टर मात्र ओट्यावर बसलेल्या पुरुषाला सगळं समजावून जातात. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं गावातल्या बायकांनाच शेळ्यांच्या आरोग्यसेवेचं शिक्षण दिलं. त्या पशुवैद्यकाची जागा घेत नाहीत, पण शेळी पाळणारीशी तिच्या भाषेत बोलतात. आपल्या गावात अशी शिकलेली पशुसखी असेल तर डॉक्टर येतील तेव्हा तिलाही गोठ्यात बोलवा.

तुम्ही काय करायचं, ते आता सांगतो. वर्षातून दोनदा, जनावर ठणठणीत असताना डॉक्टरांना फी देऊन बोलवा. चार शेजारी मिळून एकाच सकाळी बोलवलंत तर प्रत्येकाला स्वस्त पडेल. शाळेची जुनी वही घ्या आणि गायवार लिहा: कधी व्याली, कधी भरली, किती वेळा उलटली, कोणतं औषध किती दिवस, दूध किती. वहीशिवाय कोणताही डॉक्टर अंदाजानंच बोलणार. "चांगल्यातलं इंजेक्शन द्या" हे वाक्य बोलणं सोडा, "औषधाशिवाय जमेल का?" असं विचारायला लागा. आणि नोंदणी नसलेल्या माणसाकडून, निव्वळ तो लवकर येतो म्हणून, अँटिबायोटिक टोचून घेऊ नका.

सरकारी डॉक्टरांची अडचणही समजून घ्या. एका दवाखान्याखाली कितीतरी गावं. लसीकरण, कृत्रिम रेतन, कानातल्या बारा अंकी बिल्ल्यांची नोंद, अहवाल, पंचनामे. गोठ्यात पाऊण तास उभं राहायला त्यांना वेळ कुठून मिळणार? तातडीच्या वेळी १९६२ या क्रमांकावर फिरतं पथक मिळतं, पण आजार टाळायला तो क्रमांक नाही. मग पैसा आणि वेळ कुठून आणायचा?

दूध संस्थेकडून. तुमच्या संस्थेच्या वार्षिक सभेत अहवालावर सह्या करून चहा पिऊन उठू नका. ठराव मांडा. रोज दहा हजार लिटर दूध गोळा करणाऱ्या संस्थेनं लिटरमागे दोन पैसे बाजूला ठेवले तर दिवसाला दोनशे रुपये होतात, वर्षाला ७३ हजार. तेवढ्यात परिसरातल्या डॉक्टरांची दोन-तीन शिबिरं गोठ्यावरच होतील आणि सीएमटीचं साहित्य, आयोडीनचे कॅनही येतील. अध्यक्ष म्हणतील, औषधावर सवलत देऊ, ती सगळ्यांना दिसते. त्यांना शांतपणे सांगा की औषध लागू नये यासाठीच हे पैसे आहेत. पहिल्या वर्षी ठराव नामंजूर होईल बहुतेक. दुसऱ्या वर्षी पुन्हा मांडा, सोबत आपल्या वहीतला औषधाचा खर्च वाचून दाखवा. शिबिर ठरलं तर आपला गोठा द्या, सजवून नको, जसा आहे तसा. झाडून-पुसून ठेवलेल्या गोठ्यात डॉक्टर काय शिकणार?

सुरुवात करायला सभेची वाट बघायची गरज नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प-फऱ्याची लस टोचायला डॉक्टर गावात येतीलच. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी असतील तर त्यांना ब्रुसेलाची लस मिळाली का, हे त्याच वेळी विचारून घ्या. हा रोग माणसालाही होतो, तेव्हा अडकलेला जार उघड्या हातानं ओढायला जाऊ नका. लस टोचून झाली की डॉक्टरांना दहा मिनिटं जास्त थांबवा. त्यांना वही दाखवा, मग पाण्याची टाकी, मग उकिरडा. घरातल्या बाईला पुढं उभं करा. आणि निघताना त्या दहा मिनिटांचे पैसे वेगळे द्या.